परदेशी गिऱ्हाईक आणि पावतीवरची शेवटची ओळ

बीडच्या कापड दुकानातल्या प्रत्येक पावतीच्या तळाशी तेव्हा एक ओळ छापलेली असायची. चूकभूल द्यावी घ्यावी. आमच्या ऑफिसने साखर कारखान्यांसाठी जो उसाच्या वजनाचा प्रोग्रॅम केला होता, त्यातून निघणाऱ्या पावतीवरही ती ओळ होती. ती आमच्या सरांच्या वडिलांमुळे आली. ते खाली कापडाचं दुकान चालवायचे आणि आमचं ऑफिस त्यांच्याच माडीवर होतं. पहिली पावती सरांनी कौतुकाने त्यांना दाखवली, तेव्हा अण्णांनी ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "चूकभूल कुठं हाय?"

"अण्णा, कॉम्प्युटर चुकत नाही."

"तो न्हाई चुकत. पण त्याच्याम्होरं बसल्यालं माणूस हाय का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी मी ती ओळ प्रोग्रॅममध्ये टाकली. पाच मिनिटांचं काम होतं. त्या ओळीने पुढे आम्हाला काय काय दाखवलं, ते लिहायचं आहे.

नव्वदीचं दशक उताराला लागलं होतं. मी नेकनूरहून सकाळच्या एसटीने बीडला येत असे. औरंगाबादला कॉम्प्युटरचा कोर्स करून आले होते, लग्न झालं होतं, घरी सासू होती आणि नोकरी टिकवायची होती. ऑफिसमध्ये सर धरून आम्ही पाच जण. चार कॉम्प्युटर, एक कर्कश प्रिंटर, बॅटऱ्यांची एक रांग. वीज गेली की बॅटऱ्या पाऊण तास चालायच्या आणि त्या पाऊण तासात आम्ही दिवसाचं काम उरकायचो. आजूबाजूच्या तीन कारखान्यांवर आमचा प्रोग्रॅम चालू होता. तेवढंच आमचं जग. सर मात्र स्वतःला सल्लागार म्हणवायचे. दारावरच्या पाटीवरही तसंच इंग्रजीत लिहिलं होतं. अण्णांना ते पटत नसे. "सल्ल्याला कुणी पैसं देतं व्हय?" असं ते खालून जिन्यात ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणत.

त्या वर्षी अण्णांनी निकाल देऊन टाकला होता. दुकानाला गोदाम कमी पडत होतं. पाडव्यापर्यंत माडीवर नवं काम आलं तर ठीक, नाहीतर खोली रिकामी करायची आणि सरांनी खाली गल्ल्यावर बसायचं. अण्णा शब्दाचे पक्के होते. संक्रांत झाली तेव्हाच कापडाचे गठ्ठे जिन्यात येऊन बसायला लागले. आम्ही अंग चोरून वर जायचो.

अशात पूर्व आफ्रिकेतल्या एका ऊसमळ्याचा फॅक्स आला. सर पुण्याच्या एका प्रदर्शनात पत्रकं वाटून आले होते, त्यातलं एक कुणाच्या तरी बॅगेतून समुद्रापलीकडे गेलं होतं. फॅक्स चौकातल्या एसटीडी बूथवर यायचा. मालकाने तो वहीत घालून स्वतः आणून दिला, पाहुण्याचं निमंत्रण आणावं तसा. तो कागद हातात घेतला तेव्हा तो अजून कोमट होता. मी सहसा कशाने भारावून जात नाही. पण हा कागद सकाळी आफ्रिकेत कुणीतरी यंत्रात घातला आणि दुपारी तो बीडच्या चौकात निघाला, हे मला त्या दिवशी खरं वाटेना. मी तो दोनदा नाकाशी नेला.

मजकूर कोरडा होता. त्यांना वजनकाट्यासाठी प्रोग्रॅम हवा होता. आपली कंपनी किती जुनी? सल्लागार किती? कोणकोणत्या शहरांत कार्यालयं? परदेशातली गिऱ्हाइकं कोण? पावतीचा नमुना पाठवा.

खरी उत्तरं होती: सहा वर्षं, पाच, एक, कुणी नाही.

सरांनी पुण्यातल्या एका मित्राला फोन लावला. मित्राने सांगितलं, "बीड लिहू नको. बीड म्हणजे काय हे मुंबईत समजावताना दमायला होतं, तिकडं कोण समजून घेणार? माझ्या फ्लॅटचा पत्ता टाक. हेड ऑफिस, पुणे." सरांनी तसं नवं लेटरहेड छापून घेतलं. त्यावर बीडला त्यांनी 'फील्ड स्टेशन' करून टाकलं. मला ते बरं वाटलं नाही, पण टाइप मीच केलं. प्रोग्रॅममधली एक गोष्टही त्यांनी माहितीपत्रकातून काढायला लावली. तिच्याबद्दल पुढे सांगते.

पावतीच्या नमुन्याचं इंग्रजी मी केलं. वजन, तारीख, गाडी नंबर हे सोपं होतं. शेवटच्या ओळीपाशी मी अडले. व्यापाऱ्यांची इंग्रजीतली रीत मला ठाऊक नव्हती, म्हणून शब्दाला शब्द ठेवून ओळ लिहिली. इंग्रजी वाचणाऱ्याला त्याचा अर्थ एवढाच लागत होता की आम्ही चुका देतो आणि घेतो.

चार दिवसांनी फॅक्स आला. इतर दोन कंपन्यांनी त्यांचं यंत्र कधीच चुकत नाही असं लेखी दिलं आहे, तुम्ही चुका देणार असं प्रत्येक पावतीवर छापता, हे आपल्या कंपनीचं धोरण आहे काय?

सर कागद धरून उभे राहिले. "मॅडम, हे काय केलंत तुम्ही?"

"जे छापतो तेच इंग्रजीत लिहिलं."

"आता ते काय समजत असतील आपल्याला!"

खालून अण्णांनी विचारलं, "काय झालं रं?" सरांनी जिन्याचं दार लोटून घेतलं.

सरांनी तीन पानी खुलासा पाठवला. त्यावर दोन ओळी आल्या. त्यांचा यार्डप्रमुख, म्हणजे काट्यावर येणाऱ्या गाड्यांचा मुख्य, यंत्रं बघायला पुण्याला येतोच आहे, तो एक दिवस आमचं काम बघून जाईल.

अण्णांनी पाहुण्यासाठी दुकानाच्या दारात रांगोळी घालून घेतली आणि गल्लीत सांगून ठेवलं की गोरा साहेब येणार आहे. जीपमधून उतरला तो पन्नाशीचा, उंच, काळासावळा, पांढऱ्या शर्टातला शांत माणूस. समोरचा पानवाला अण्णांना म्हणाला, "अण्णा, सायब मागून येतोय का?" अण्णा चपापले, पण क्षणभरच. पुढे होऊन त्यांनी पाहुण्याच्या खांद्यावर शाल टाकली आणि पानवाल्याला म्हणाले, "हेच सायब. तू तुझा चुना लाव." परदेशी म्हणजे गोरा, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. तिकडच्या लोकांनी बीडबद्दल काहीही धरलं नसेल, कारण बीड त्यांनी ऐकलंच नव्हतं.

चहा घेताना पाहुणा इंग्रजीत सरांना म्हणाला, "पुण्याचं तुमचं हेड ऑफिस मी बघितलं. तिथल्या बाईंनी फार छान पोहे दिले. गॅलरीत पापड वाळत होते."

सरांचा कप बशीवर वाजला. पाहुण्याने चहा संपवला आणि विचारलं, "कारखान्यावर कधी निघायचं?"

जीपमध्ये सर पुढच्या सीटवर ताठ बसले होते. मला वाटलं, संपलं. मनातल्या मनात मी बीडमधले टायपिंगचे क्लास मोजत होते. कुठे शिकवायला घेतील, कुठे नाही.

कारखाना बीडपासून दीड-दोन तासांवर. गळीत हंगाम जोरात होता. यार्डात मी याआधी दहा वेळा तरी गेले असेन, पण नेहमी कॉम्प्युटरच्या खोलीत घुसून तिथूनच परत यायचे. त्या दिवशी पाहुण्याने खोलीकडे पाहिलंच नाही. तो यार्डाच्या मधोमध जाऊन उभा राहिला, म्हणून मीही राहिले. नजर पोचेल तिथवर उसाने भरलेल्या बैलगाड्या, एकामागे एक, प्रत्येक गाडी दोन माणसांच्या उंचीची. बैलांच्या तोंडावर वाढ्याचा, उसाच्या शेंड्यांचा, पाला. मळीचा गोडसर आंबूस वास. मागे ऊसतोडकऱ्यांच्या खोप्यांमधून चुलींचा धूर. शेकडो माणसं, आणि प्रत्येकाला आपला नंबर कुठला, आपल्या पुढे कोण, हे पाठ. कुणीही कुणाला ओळीत उभं करत नव्हतं. सहा वर्षं या गाड्यांचे नंबर मी पडद्यावर हलवत होते आणि गाडी केवढी असते हे मी नीट पाहिलंच नव्हतं.

आता ती माहितीपत्रकातून काढलेली गोष्ट. काट्याच्या केबिनबाहेर, खिडकीशेजारी, घराच्या दाराला लावतात तसलं घंटीचं एक बटण होतं. आमचा प्रोग्रॅम बसवला त्या पहिल्या हंगामात वजनावरून भांडण झालं होतं आणि गाडीवानांनी चक्क काट्यावर बैल बांधून ठेवले होते. अर्धा दिवस गाळप बंद. त्यानंतर सरांनी ते बटण बसवलं. वजन पटलं नाही तर गाडीवानाने ते दाबायचं. आत घंटा वाजते, पडदा अडकतो, आणि त्या गाडीचं फेरवजन झाल्याशिवाय पुढची गाडी घेतच नाही. तो भाग मी लिहिला होता. सरांना मात्र त्या बटणाची लाज वाटायची. साडेबारा रुपयांचं बटण आणि उघडी वायर. परदेशी कंपनीला हे दाखवायचं? पाहुणा येणार म्हणून त्यांनी त्यावर 'धूम्रपान मनाई'ची पाटी टांगायला लावली होती.

पाहुणा काट्याजवळ जाऊन उभा राहिला. पाच-सहा गाड्या गेल्या. सगळं सुरळीत. सरांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. मग एक गाडी काट्यावरून उतरली आणि चार पावलांवर थांबली. बैलांपुढे होती एक बाई, चाळिशीची, साडीवर पुरुषाचा शर्ट, डोक्यावर अजून चुंबळ. पावती तिने डोळ्यांजवळ धरली आणि ती खिडकीशी परत आली.

"बाबू, हे वजन माजं न्हाई."

आतल्या कारकुनाने मान वर केली नाही. "व्हय पुढं. मागं गाड्या हायेत."

"असू द्या की. चार मोळ्या खाल्ल्यात ह्यानं."

"मशीन हाय ते, मावशे. मशीन मोळ्या खात नसतंय."

"मग तू खाल्ल्या असशील."

मागच्या गाडीवानांत हशा पिकला. कारकून चिडला. "वाचता येतंय का तुला?"

"आकडं वळखते. आन् खाली चूकभूल छापल्यालं हाय, ते समद्यांला ठावं हाय. मग भूल दे माघारी."

एवढं बोलून तिने धूम्रपानाची पाटी बाजूला सारली, जशी घरची खिडकी उघडावी, आणि बटण दाबलं. आत घंटा खणखणली. पडदा अडकला. मागून आरडाओरडा सुरू झाला, "आरं फेरवजन! फेरवजन! बैलं वळवा!"

पाहुण्याने मला विचारलं, "काय म्हणाली ती? सगळं सांगा."

सर माझ्या मागे येऊन हळूच मराठीत म्हणाले, "मॅडम, सगळं नका सांगू. म्हणा, सिस्टिम तपासतोय."

त्यांचं ऑफिस, माझी नोकरी, सगळं त्या क्षणी पणाला लागलं होतं हे मला कळत होतं. पण पुण्याचं ऑफिस बघून आलेल्या माणसाला अजून एक थाप मारण्यात अर्थ नव्हता. हा व्यवहाराचा विचार होता, मी काही फार सत्यवादी बाई नाही. मी सगळं सांगितलं. मोळ्या खाल्ल्या, मशीन खात नाही, मग तू खाल्ल्या असशील, इथपर्यंत. तो हसला नाही. त्याने वही काढली.

भरलेली गाडी वळवून पुन्हा काट्यावर आणायला दहा मिनिटं गेली. गाडीचं भरलेलं वजन तेच निघालं. कारकून खिडकीतून ओरडला, "बघ! सांगितलं न्हवतं?" बाई हलली नाही. मी आत जाऊन पडदा पाहिला. आमचा प्रोग्रॅम गाडीचा नंबर घेऊन त्या रिकाम्या गाडीचं नोंदलेलं वजन वजा करतो. कारकुनाने घाईत एक आकडा चुकीचा दाबला होता आणि दुसऱ्याच, जड गाडीचं वजन वजा झालं होतं. नंबर दुरुस्त केला. फरक निघाला सत्याऐंशी किलोचा.

मी बाहेर येऊन तिला विचारलं, "मोळी केवढ्याची बांधता तुम्ही?"

"ह्या रानात बावीस किलूची. काल पानी दिल्यालं न्हवतं, म्हून थोडी हलकी."

चार मोळ्या. मी मनात गुणाकार केला आणि पुन्हा केला. गाडीत सव्वाशेच्या आसपास मोळ्या होत्या.

पाहुण्याने विचारायला लावलं, तिला हे कसं कळलं? तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की हा काय प्रश्न झाला. "समद्या मोळ्या माज्या डोक्यावरनं गाडीत गेल्यात, बाई. फळीवर चढून. कावून नाय कळायचं?"

आमच्या प्रोग्रॅमला काटा लागायचा, बॅटऱ्या लागायच्या, मी लागायचे. ही बाई दोन टनांच्या वर ओझं एकेक करून डोक्यावरून नेते, त्याचा हिशेब मानेत ठेवते आणि त्यात चार मोळ्यांची चूक पकडते. उमापूरकडची होती. नाव विचारलं तर म्हणाली, नावाशी काय काम, नंबर नीट लिवा.

बाजूला पडलेली एक मोळी मी उचलायला गेले. गुडघ्याच्या वर आली नाही. गाडीवानांनी मजा बघितली. "मॅडम, माऊस उचला तुमी!" एकजण म्हणाला. मग पाहुण्याने वही माझ्या हातात दिली, वाकला, एका झटक्यात मोळी खांद्यावर घेतली, तिथून डोक्यावर, आणि हात सोडून दोन पावलं चालला. यार्डात शिट्ट्या पडल्या. हे काम त्याने आयुष्यात कधीतरी रोज केलेलं असणार, हे त्या बाईला आमच्या आधी कळलं. ती एवढंच म्हणाली, "ह्यांला येतंय."

परतताना तो पहिल्यांदा भरपूर बोलला. मागच्या वर्षी त्यांच्या मळ्यावर तोडकऱ्यांनी काट्याची केबिन उलथवून टाकली होती. काट्याचं यंत्र पुरवणाऱ्या कंपनीला कळवलं, तर उत्तर आलं की आमचं यंत्र चुकत नाही. ते पत्र त्याने भिंतीवर लावून ठेवलं होतं. मग त्याने सरांना विचारलं, "ते बटण तुमच्या माहितीपत्रकात का नाही?"

सर खरं बोलले. "साडेबारा रुपयांचं आहे. वाटलं, तुम्ही हसाल."

"आणि पुणं?"

"बीड लिहिलं असतं तर तुम्ही आला असता?"

"मी आलो असतो," पाहुणा म्हणाला. "माझ्या संचालकांनी पाठवलं नसतं. पण आता मला त्यांना सांगावं लागेल मी कुठं उभा होतो. तुमच्या कागदावर पापडांचा पत्ता असेल तर मी काय सांगू?"

त्यानंतर पंधरा दिवस काही आलं नाही. सर दिवसातून तीनदा बूथवर चकरा मारायचे. जिन्यातले गठ्ठे वाढत वाढत दारापर्यंत आले. पाडव्याला आठवडा उरला होता.

फॅक्स आला तेव्हा सर बूथवरच होते. तिथे उभं राहून त्यांनी तो तीनदा वाचला म्हणे. त्या संचालकांकडे एकूण तीन मळे होते, त्यांतल्या एकाच मळ्याचा एकच काटा आम्हाला दिला होता, आणि तोही एका हंगामापुरता, परीक्षा म्हणून. बाकीचे दोन पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला. संचालकांना आमची खात्री वाटत नव्हती, हे त्यात सरळ लिहिलं होतं. यार्डप्रमुखाच्या शब्दावर एवढंच देतो आहोत. अटी दोन. बटण पाहिजे. आणि पावतीवरची ती ओळ त्यांच्या भाषेत पाहिजे, तिचा मजकूर त्यांनी सोबत पाठवला होता.

सर वर आले नाहीत. आधी दुकानात गेले. मी जिन्यात गठ्ठ्यांना टेकून ऐकत होते.

"अण्णा, खोली लागंल."

"किती दिवस?"

"एक हंगाम तर नक्की."

"मोठं काम हाय का?"

"नाही. एकच काटा."

अण्णांनी मोजपट्टी गादीवर ठेवली. एक काटा म्हणजे किती, हे ते मनात मापत असावेत. "म्हंजे पुढल्या पाडव्यापत्तुर," ते म्हणाले. मग नोकराला हाक मारली, "गठ्ठे आपल्या तेलगावच्या दुकानात धाडा. दुपारी टेम्पो येतुया." आणि मला जिन्यात उभी बघून म्हणाले, "बाई, उभ्या काय राहिलात? येक बाजू धरा की."

मी धरली. दुसरी बाजू सरांनी धरली. अकरा गठ्ठे होते. टेम्पो यायच्या आत आम्ही पाचही जणांनी ते खाली नेले, हात धुतले, आणि वीज होती तोवर कामाला बसलो.